गल्लीतल्या साध्या लोकांचा सर्वधर्म संवाद नेमका कसा घडवायचा?

स्टेजवर एक महाराज, एक मौलाना, एक फादर बसवून भाषणं ठेवू नका, लोकं टाळ्या वाजवून घरी जातात आणि बाजूच्याशी बोलणं होतच नाही.

आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात, रावेर-सावद्याकडं केळीच्या कटाईला, ट्रक भरायला सगळ्या जातीधर्माची माणसं एकत्र असतात, पण बोलणं केळीच्या भावापुरतं. म्हणून आधी काम द्या, गटार, पाणी, शाळेची भिंत काहीही, पण दोघांना मिळून करावं लागेल असं. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मधेच लिहिलंय की नुसतं भेटून पूर्वग्रह जात नाहीत, दर्जा बरोबरीचा पाहिजे, ध्येय एक पाहिजे, सहकार्य पाहिजे आणि वरच्यांचा पाठिंबा पण. भिवंडीत १९८४ ला मोठी दंगल झाली, नंतर १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडेंनी गल्लीगल्लीत मोहल्ला कमिट्या केल्या, त्यात रोजचे साधे लोक घेतले, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण कमिटी १९९२-९३ च्या दंगलीच्या आधीच तयार होती, दंगल पेटल्यावर केलेली नव्हती.

मग हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठेवा, १०-१२ जणच. रोजे, एकादशी, बाजारचा दिवस बघून तारीख धरा, कांदा-लसूण कोणाला चालत नाही ते आधीच विचारा. नियम एकच ठेवा, प्रत्येकाने स्वतःच्या घरचं सांगायचं, "तुमच्यात असं का करतात" हा प्रश्न पहिल्या दोन-तीन भेटीत नको. बायकांना कोणती वेळ जमते ते त्यांनाच विचारा, नाहीतर फक्त पुरुषच येतील.