'मागणी' म्हणजे विनंती नव्हे

प्रश्न असा आला आहे: "घरपट्टीच्या बिलावर 'मागणी' असा शब्द असतो. एका व्हिडिओत सांगितलंय की मागणी म्हणजे विनंती, आणि विनंती नाकारता येते. बिलावर लाल शाईने 'मला मान्य नाही' असं लिहून ते परत पाठवलं की कर लागूच होत नाही. शिवाय पट्टी म्हणजे वर्गणी आणि वर्गणी ऐच्छिक असते. मराठीच्या दृष्टीने हे अर्थ बरोबर आहेत का?"

नाहीत. दोन्ही चूक आहेत. हा युक्तिवाद मी आता अनेकदा ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी सांगणारा शब्दकोशाचा हवाला देतो, त्याचा मला जास्त राग येतो. कोशात 'मागणी'पुढे 'याचना' हा अर्थ असतो, खरं आहे. पण चार अर्थांतला सोयीचा एक उचलायचा आणि उरलेल्या तिघांवर हात ठेवायचा, याला कोश पाहणं म्हणत नाहीत. लग्नाची मागणी, कामगारांच्या मागण्या, मागणी आणि पुरवठा हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. या शब्दाची खरी गंमत त्याच्या कुळात आहे.

'मागणे' आलं प्राकृत 'मग्गइ'वरून आणि ते संस्कृत 'मार्ग्' या धातूवरून. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'मृग्' आणि 'मार्ग्' हे दोन्ही धातू एकाच अर्थाने दिले आहेत: अन्वेषणे. म्हणजे शोध घेणं, माग काढणं. मृगया म्हणजे शिकार, ती इथलीच. हात पसरणं हा अर्थ या घरात नंतर आला.

आता मराठीकडे या. 'मार्ग' आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला, पण त्याआधी तो झिजून 'माग' होऊन आपल्याकडे नांदत होताच. माग काढणे, मागावर असणे, मागोवा घेणे. यातला माग म्हणजे पाऊलखुणा. ओल्या मातीत दुभंगलेल्या खुराचा ठसा उमटलेला असतो, पुढे गवताची एक काडी मोडलेली असते, त्याच्या पुढे दगडावर चिखल लागलेला असतो. वाकून हे वाचत जाणारा माणूस जे करतो ते 'मागणं'. आणि 'मागे'? तीही मार्गाची सप्तमी आहे, 'मार्गे', म्हणजे मागावर. जो तुमच्या पावलांवर पाऊल टाकत येतो तो अर्थातच तुमच्या पाठीशी असतो. पाठीमागची दिशा दाखवणारं इतकं साधं अव्यय शिकाऱ्याच्या भाषेतून आलं असावं, हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी त्या दिवशी दुसरं काही वाचू शकले नाही.

माझं मत असं की 'मृग'ही याच खुणांवरून ओळखायचा. जुन्या भाषेत मृग म्हणजे फक्त हरीण नव्हे, कोणतंही रानातलं जनावर. त्याची वाट ती मार्ग, आणि त्या वाटेने जाणं ते मार्गण. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा प्राचीन आचार्य यास्क, त्याला हे मान्य नाही. आपल्या निरुक्त या ग्रंथात तो मृग हा शब्द 'मृज्'वरून आणतो आणि त्या धातूला गती हा अर्थ देतो. यास्काबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, हे ओढूनताणून आहे. मृज् म्हणजे पुसणं, घासणं, झाडणं. सगळीच जनावरं चालतात, पक्षीही जातात, मग गतीवरून नाव एकट्या मृगालाच का मिळावं? 'मार्ग म्हणजे झाडून स्वच्छ केलेली वाट' असं सांगणारेही त्याच धातूपाशी अडकतात. रानात वाट कोणी झाडत नाही. ती पायांनी पडते. धातू आधी की नाम आधी यावर विद्वानांनी वाद घालावा, मला नाम आधीचं वाटतं. पण शोधाशिवाय या कुळाचा अर्थ लागत नाही, यावर मी ठाम आहे.

आणि अमरकोश पाहा, संस्कृतातला समानार्थी शब्दांचा जुना कोश. त्यात 'मार्गण' हा शब्द एकाहून जास्त ठिकाणी येतो. एकदा बाणाच्या पर्यायांत: कलम्ब, मार्गण, शर. आणि एकदा याचकाच्या पर्यायांत: वनीयक, याचनक, मार्गण. बाणही लक्ष्य शोधत जातो, याचकही दाता शोधत जातो. व्हिडिओतल्या माणसाला यातला एकच मार्गण दिसला. घरपट्टीच्या बिलावरचा मार्गण दुसरा आहे.

तो कसा ओळखायचा? कागद पाहून. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ ही कर मागणीची आणि नमुना १० म्हणजे पावती. आधी घराची आकारणी ठरते, तिच्यावरून वर्षाची मागणी निघते. मागणीच्या नोंदीत मागील बाकी वेगळी आणि चालू वर्षाची रक्कम वेगळी दाखवतात. 'मागील' आणि 'मागणी' एकाच कागदावर शेजारी बसलेले असतात, दोघेही त्याच पाऊलखुणेचे वंशज! १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात वसुलीचं कलम १२९ आहे. बिल देऊनही पैसे आले नाहीत तर रीतसर मागणीची नोटीस, आणि तिलाही दाद दिली नाही तर जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री. विनंती नाकारली म्हणून कोणी कुणाचं सामान जप्त करत नाही. ज्या शब्दापाठोपाठ जप्ती येते त्याचा अर्थ 'विनंती' होऊच शकत नाही. हे कळायला संस्कृतही लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझ्याच लेखाचा उद्या भलता वापर होईल. व्युत्पत्तीवरून कर लागू होत नाही आणि व्युत्पत्तीवरून तो टळतही नाही. संविधानाच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही, वसूलही करता येत नाही. जमिनी आणि इमारतींवरचे कर सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत, ४९ व्या नोंदीत आहेत. म्हणजे अधिकार कायद्यातून येतो, तुमच्या सहीतून नाही. घरपट्टी हा करार नव्हे, त्यामुळे 'मान्य नाही' लिहून तो मोडता येत नाही. कायद्याच्या शब्दांना मंत्रासारखं वापरण्याचा हा प्रकार आपल्याकडचाही नाही. कॅनडातल्या अल्बर्टाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये मीड्स विरुद्ध मीड्स या निकालात असल्या सगळ्या युक्तिवादांची सविस्तर झाडाझडती घेतली आणि ते फेटाळले. तिथलाच माल भाषांतरित होऊन आपल्या मोबाइलवर येतो आहे, आणि भाषांतर करणाऱ्याला मराठी येत नाही. आकारणी चुकली असेल, खोल्या जास्त धरल्या असतील, पडीक घराला राहतं घर म्हटलं असेल, तर हरकत घ्या, अपील करा. ती सोय कायद्यातच आहे आणि ती वापरायला लाल शाई लागत नाही.

मागणीनंतर येते ती 'वसुली'. हा अरबी 'वुसूल', मूळ अर्थ पोहोचणं, येऊन ठेपणं. मागणीने माग धरायचा आणि वसुलीने मुक्कामी पोहोचायचं. दोन वेगळ्या भाषांमधून आलेले शब्द मराठी दप्तरात असे एकापुढे एक उभे राहिले, हे कुणी ठरवून केलेलं नाही.

पट्टीचं राहिलंच. मूळ 'पट्ट', म्हणजे कापडाचा, धातूचा, लाकडाचा लांबट तुकडा. मग कागदाची पट्टी, मग त्या पट्टीवर लिहिलेली यादी, आणि शेवटी त्या यादीतली रक्कम. हा प्रवास बघायचा तर बाजार समितीत जा. कांदा विकला की शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी पडते, वजन, भाव, त्यातून कापलेली हमाली आणि तोलाई. तिचं नाव पट्टी. घरी आल्यावर विचारतात, "पट्टी किती आली?" तेव्हा कोणी कागदाची लांबी विचारत नसतो. पेशवाईत कर्जपट्टी होती, जास्तीपट्टी होती, मिरासदारांवर, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्यांवर, मिरासपट्टी होती. त्यातली एकही कुणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. जत्रेसाठी गाव घरटी पट्टी काढतं, तिला वर्गणी म्हणा हवं तर, पण ती न देणाऱ्या घराकडे गाव कसं पाहतं ते गावातल्या कुणालाही विचारा. कोल्हापूरकडे घरपट्टीला घरफाळा म्हणतात. फाळा आणि फाळणी एकच. खर्च सगळ्यांचा, त्याचे भाग पाडून एक भाग तुमच्या दारी येतो.