'रेअर अर्थ'ला माती म्हणावं का?

आरोग्यविषयक लेख मराठीत आणणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. 'रेअर अर्थ मेटल्स'वरच्या लेखाला त्यांनी शीर्षक दिलंय : 'दुर्मिळ माती धातूंचे स्त्री-जननेंद्रियांवरील विषारी परिणाम'. हे चालेल का?

ताई, माझ्या मते नाही चालणार. वाचणारी बाई शेतातल्या मातीलाच घाबरायची.

अठराव्या शतकातले रसायनज्ञ पाण्यात न विरघळणाऱ्या आणि भट्टीतही न वितळणाऱ्या पदार्थांना 'अर्थ' (earth) म्हणत. आज आपण त्यांना धातूंची ऑक्साइडं म्हणतो. १७८७ मध्ये स्वीडनमधल्या इटर्बी गावच्या खाणीत एक काळा, जड दगड सापडला आणि १७९४ मध्ये योहान गादोलिन या रसायनज्ञांना त्यात अशी एक नवी 'अर्थ' आढळली. इट्रियम, इटर्बियम, टर्बियम, एर्बियम ही चारही नावं त्या एवढ्याशा गावावरून पडली आहेत. नांगरायच्या मातीचा इथे काहीच संबंध नाही.

'दुर्मिळ'ही खरं नाही. 'रेअर अर्थ' गटात सतरा मूलद्रव्यं आहेत, त्यांपैकी सिरियम भूकवचात जवळपास तांब्याइतकं आहे. फक्त ते विखुरलेलं असतं, एका जागी भरघोस सापडत नाही. म्हणून मराठी विश्वकोशातला 'विरल मृत्तिका' हा शब्द मला फार आवडतो. विरळ वस्ती, विरळ केस, पिकाची विरळणी : विरळ म्हणजे कमी मिळणारं नव्हे, दाट नसलेलं. इंग्रजी नावापेक्षा हे वर्णन नेमकं आहे! 'मृदा' मात्र टाळा, तो शब्द मृदसंधारणाने पक्का शेतीचा करून टाकलाय. 'मृत्तिका' रोजच्या बोलण्यात नाही, त्यामुळे तिला पारिभाषिक अर्थ पेलतो.

'जननेंद्रिय' म्हटलं की बोलीत बाहेरचा अवयव डोळ्यांपुढे येतो. लेख अंडाशय आणि गर्भाशयाबद्दल आहे, तेव्हा 'प्रजनन अवयव' लिहा.

राहिला 'विषारी'. साप विषारी, वायू विषारी. परिणाम 'घातक' किंवा 'अपायकारक' असतो. 'विषाक्त'चा मूळ अर्थ विष माखलेला, तोही इथे बसत नाही. शिवाय इथे जपूनच बोलायला हवं. याच गटातल्या लँथॅनमचा आयन (विद्युतभारित अणू) आकाराने कॅल्शियमच्या आयनाजवळ जातो आणि पेशीत कॅल्शियम शिरण्याच्या वाटा अडवू शकतो. फलनाच्या वेळी स्त्रीबीजात कॅल्शियमच्याच लाटा उठतात, म्हणून ही शंका रास्त आहे. पण प्रजनन अवयवांवरच्या अपायाचा पुरावा मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतला आहे. शीर्षकाने त्याच्यापुढे धावू नये.

मी असं लिहीन : 'विरल मृत्तिका धातू : स्त्रियांच्या प्रजनन अवयवांना अपाय होऊ शकतो का?'

आणि लेखात एक ओळ जरूर घाला. एमआरआयच्या वेळी कधीकधी शिरेतून जो 'डाय' देतात त्यात बहुधा याच गटातलं गॅडोलिनियम असतं, त्याच गादोलिन यांच्या नावाचं. सुटं गॅडोलिनियम घातक असतं, म्हणून ते दुसऱ्या रेणूत जखडून देतात. ते वारेतून गर्भापर्यंत पोचतं, त्यामुळे अगदी गरज असल्याशिवाय गरोदरपणी देत नाहीत. तपासणीच्या अर्जावर 'आपण गरोदर आहात का?' हा प्रश्न असतो, त्यामागे हेही एक कारण आहे. तिथे खरं उत्तर देणं का गरजेचं आहे, हे त्या वाचणाऱ्या बाईला कळायला हवं.