मी रजेवर आहे, हे कोणाकोणाला कळावं?

प्रश्न : ताई, मी एका लहान कार्यालयात हिशेब आणि पत्रव्यवहार, दोन्ही बघते. पुढच्या महिन्यात आईच्या शस्त्रक्रियेसाठी १२ दिवस रजा घेतली आहे. मागच्या रजेत मी मेलमध्ये एक रूल करून ठेवला होता : येईल त्या प्रत्येक मेलला 'मी रजेवर आहे' असं उत्तर जावं. परत येऊन बघते तर एका पुरवठादाराच्या तक्रार नोंदणीकडून आलेले चारशेहून जास्त मेल, आणि माझी तितकीच उत्तरं! साहेबांची बोलणी खावी लागली ती वेगळीच. आता ऑटो-रिप्लाय लावायचीच धास्ती घेतली आहे. न लावताच जाऊ का?

उत्तर : लावूनच जा. १२ दिवस समोरच्याला काहीच न कळणं जास्त वाईट. तुमचं चुकलं ते ऑटो-रिप्लाय लावण्यात नाही, तो रूलने लावण्यात. आणि हा फरक आपल्याला कोणी आधी समजावूनही सांगत नाही.

मी सोळा वर्षं एका संस्थेची मेल-व्यवस्था सांभाळली. तिथे एका शुक्रवारी संध्याकाळी सहकाऱ्याने अर्ज येणाऱ्या पेटीवर असाच रूल लावला. पलीकडे होती तुमच्यासारखीच तक्रार नोंदणी. तिकडून आलं, 'आपली विनंती क्रमांक अमुक नोंदवली आहे.' आमच्या रूलने त्याला उत्तर दिलं. त्यांच्या यंत्रणेला ती नवी विनंती वाटली, तिने नवा क्रमांक दिला. आम्ही पुन्हा उत्तर दिलं. शनिवारी दुपारपर्यंत आमची पेटी भरली आणि त्यानंतर आलेले खरे मेल परत जायला लागले. त्यात एका मुलाचा अर्ज होता. मुदत रविवारची, त्याने पाठवला होता शनिवारी. सोमवारी त्याचा फोन मीच घेतला. 'मॅडम, मी वेळेत पाठवला होता हो,' एवढंच तो म्हणत होता. परत आलेल्या मेलवरची वेळ दाखवून आम्ही त्याचा अर्ज घेतला, पण ज्यांनी फोनच केला नाही त्यांचं काय झालं, हे मला कधीच कळलं नाही. म्हणून या विषयावर मी एवढी आग्रही आहे.

रूल आणि मेलमधली खास रजेसाठीची सोय, यात मुख्य फरक आठवणीचा आहे. साध्या रूलला आपण कोणाला उत्तर दिलं हे आठवत नाही. जीमेलचा व्हेकेशन रिस्पॉन्डर मात्र एकाच माणसाने कितीही मेल टाकले तरी त्याला चार दिवसांत एकदाच उत्तर देतो. ऑफिसच्या एक्स्चेंज सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन मेल-यंत्रणेवर) चालणाऱ्या आउटलुकचे ऑटोमॅटिक रिप्लाईज, सोय बंद करेपर्यंत एका माणसाला एकदाच जातात. यामागे ठरलेली शिस्त आहे. इंटरनेटवरच्या यंत्रणांनी कसं वागावं हे सांगणारे 'आरएफसी' नावाचे क्रमांकित दस्तऐवज असतात. २००४ साली त्यातला 'आरएफसी ३८३४' निघाला, त्यात ती लिहून ठेवली आहे : यंत्राने पाठवलेल्या मेलला उत्तर देऊ नये, परत आलेल्या मेलला तर नाहीच नाही, आणि त्याच माणसाला पुन्हा उत्तर द्यायचं तर मध्ये साधारण सात दिवस जाऊ द्यावेत. शिवाय हे उत्तर यंत्राने दिलं आहे अशी न दिसणारी खूण आपल्या मेलवर ठेवावी, म्हणजे पलीकडचं यंत्र गप्प बसेल. तुमच्या रूलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा आधी तो जुना रूल काढून टाका, नाहीतर या वेळी दोन-दोन उत्तरं जातील.

आता मजकूर. तुम्ही हिशेब बघता, म्हणून इथे जरा थांबते. ऑटो-रिप्लाय कोणाला जाणार हे तुम्ही ठरवत नाही, जो मेल टाकेल तो ठरवतो. समजा तुम्ही लिहिलंत, 'आईच्या शस्त्रक्रियेसाठी १४ तारखेपर्यंत रजेवर, तातडीला अमुक सहकाऱ्याला या मोबाइलवर फोन करा.' एखाद्या भामट्याला आणखी काय हवं? तो त्या सहकाऱ्याला पुरवठादाराच्या नावाने लिहील : 'मॅडमशी रजेवर जाण्याआधी बोलणं झालंय, आमचा बँक खाते क्रमांक बदललाय, आजचे पैसे नव्या खात्यात टाका.' तुम्ही दवाखान्यात आहात हे त्याला ठाऊक, म्हणजे तुम्हाला विचारायला कोणी फोन करणार नाही हेही ठाऊक. कारण लिहू नका, ठिकाण लिहू नका, सहकाऱ्याचं नाव आणि नंबरही नको. एवढं पुरे :

'नमस्कार. हे स्वयंचलित उत्तर आहे. मी १४ तारखेपर्यंत मेल पाहू शकणार नाही. तातडीचं काम असल्यास कार्यालयाच्या मुख्य पत्त्यावर लिहावे.'

आउटलुकमध्ये कार्यालयातल्या लोकांसाठी आणि बाहेरच्यांसाठी वेगळा मजकूर लिहिता येतो. सहकाऱ्यांना काय सांगायचं ते आतल्या चौकटीत सांगा. जीमेलमध्ये फक्त ओळखीच्या पत्त्यांनाच उत्तर जावं अशी खूण करता येते. तुमच्या कामात मी ती केलीच असती. आणि जीमेलवाल्यांनी एक बघाच : तुम्ही सही लावून ठेवली असेल तर ती रजेच्या उत्तराखालीही जाते. मजकुरातून काढलेला मोबाइल नंबर सहीतून बाहेर पडतो.

जाण्याआधी दुसऱ्या खात्यावरून स्वतःला मेल टाकून उत्तर डोळ्यांनी वाचा. लगेच दुसरा मेल टाकलात तर उत्तर येणार नाही, घाबरू नका, ती चार दिवसांची आठवण आहे. आणि जागेवर बसणाऱ्या सहकाऱ्याला तोंडी सांगून जा : खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन केल्याशिवाय एक रुपयाही हलवायचा नाही. आईंना लवकर बरं वाटू दे.

प्रश्न : रजेवरून येऊन तीन आठवडे झाले, तरी लोकांना 'मी रजेवर आहे' जात होतं. हे आपोआप बंद होत नाही का?

उत्तर : शेवटचा दिवस भरला असेल तरच होतं. जीमेलमध्ये तो रकाना मोकळा सोडता येतो आणि घाईत तो मोकळाच राहतो. भरला तर उत्तर त्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंत जातं. सोय चालू असताना इनबॉक्सच्या वर पट्टी दिसते, तिथूनच ती बंद करता येते.

प्रश्न : आमच्या चौकशीच्या पत्त्यावर 'आपला मेल मिळाला' असं कायमचं उत्तर ठेवावं का? लिहिणारे वेगवेगळ्या भाषांचे असतात.

उत्तर : शक्यतो नको. स्पॅम पाठवणारे पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याचाच पत्ता घालतात. तुमचं उत्तर त्या निरपराध माणसाकडे जातं, आणि असं फार झालं की तुमचेच चांगले मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडायला लागतात. ठेवणं भागच असेल तर आलेला मेल उत्तरात पुन्हा जोडू नका.

भाषेचं म्हणाल तर २००८ साली वेल्समधल्या स्वान्झीत काय झालं ते आठवा. रस्त्यावरच्या फलकाचा मजकूर वेल्श भाषेत करून घेण्यासाठी मेल गेला. वेल्शमध्ये उत्तर आलं, तेच भाषांतर समजून फलकावर छापलं गेलं आणि फलक उभाही राहिला. त्यावर वेल्शमध्ये लिहिलं होतं : 'मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम पाठवून द्या.' तेव्हा 'हे स्वयंचलित उत्तर आहे' ही ओळ सगळ्यात वर, आणि तुमच्याकडे लिहिणाऱ्यांच्या जितक्या भाषा असतील तितक्या भाषांत द्या. 'लवकरच संपर्क करू' ऐवजी '३ कामाच्या दिवसांत' असं लिहा, आणि तिसऱ्या दिवशी ती पेटी कोणी उघडायची त्या माणसाचं नाव आजच ठरवा.