हात कापतो, एमआरआय मात्र नॉर्मल

कंपवाताबद्दल (पार्किन्सन्स) आलेल्या पत्रांपैकी मेंदूच्या स्कॅनविषयीची पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न: आमचे अण्णा ६६ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून बसल्या जागी त्यांचा उजवा हात लटलट कापतो. लातूरला एमआरआय केला, रिपोर्टमध्ये 'वयोमानानुसार बदल' एवढंच लिहिलंय. भाऊ म्हणतो, मेंदू चांगला आहे तर गोळ्या कशाला? डॉक्टर आता ट्रोडॅट स्कॅन करा म्हणतात. करावा का? (उदगीर)

उत्तर: एमआरआय नॉर्मल आला म्हणून कंपवात नाही, असे होत नाही. या आजारात मध्यमेंदूतल्या सब्स्टँशिया नायग्रा भागातल्या डोपामिन (हालचालींचे निरोप पोचवणारे रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि साध्या एमआरआयमध्ये ती घट सहसा दिसत नाही. तरीही एमआरआय करतात तो कंपवातासारखी लक्षणे देणारे दुसरे आजार वगळण्यासाठी: पूर्वी येऊन गेलेले पक्षाघाताचे बारीक झटके, मेंदूत साठलेले पाणी, गाठ. अण्णांच्या रिपोर्टने ते काम केले आहे. ३ टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर एसडब्ल्यूआय नावाची खास मालिका घेतली तर सब्स्टँशिया नायग्रातला निरोगी माणसात दिसणारा एक छोटा पांढुरका ठिपका नाहीसा झालेला कळू शकतो. पण चिठ्ठीवर तसे लिहिलेले नसेल तर बहुतेक ठिकाणी तिकडे मुद्दाम कोणी बघत नाही.

ट्रोडॅटमध्ये टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेले औषध शिरेतून देतात. डोपामिन पेशींची टोके जिथे शाबूत आहेत तिथे ते चिकटते. निरोगी माणसात दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे आकार दिसतात. कंपवातात मागची शेपटी, म्हणजे पुटामेनचा भाग, आधी विझते आणि टिंब उरते. अण्णांचा उजवा हात कापतो, तेव्हा डावी बाजू जास्त फिकी दिसायला हवी. इंजेक्शननंतर साधारण ३ ते ४ तास थांबावे लागते, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाचे स्कॅनिंग. त्यामुळे हैदराबाद किंवा पुण्याला जाणार असाल तर त्याच दिवशी घाईघाईने परतीची गाडी धरू नका. लेव्होडोपाच्या, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या, गोळ्या (सिंडोपा वगैरे) यासाठी सहसा बंद कराव्या लागत नाहीत. बुप्रोपिऑन, मिथाइलफेनिडेट यांसारखी औषधे मात्र निकाल बिघडवू शकतात, म्हणून चालू गोळ्यांची सगळी पाकिटे सोबत न्या.

आता करावा का? हा स्कॅन मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: डोपामिनच्या पेशी कमी झाल्या आहेत की नाहीत. इसेन्शियल ट्रेमर (हात वापरताना होणारा, कंपवाताहून वेगळा कंप) किंवा औषधांमुळे आलेला कंप असेल तर तो नॉर्मल येतो. पण कंपवात आणि त्याचे भाऊबंद (एमएसए, पीएसपी) यांत तो फरक करू शकत नाही, कारण तिन्हींत तो बिघडलेलाच असतो. न्यूरोलॉजिस्टला तपासताना हालचालींचा मंदपणा स्पष्ट दिसत असेल आणि कंप विश्रांतीतलाच असेल, तर आमच्या मते स्कॅनचे पैसे वाचवावेत आणि औषध सुरू करून गुण बघावा. निदान अडले असेल तरच करावा.

जाण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून १०० मधून ७-७ वजा करत मोठ्याने मोजायला लावा. मनावर ताण आला की विश्रांतीतला कंप उघडा पडतो. मग हात समोर ताणून किमान अर्धा मिनिट धरायला सांगा. काही सेकंद स्थिर राहून कंप पुन्हा सुरू झाला तर तो कंपवाताकडे बोट दाखवतो. लगेच सुरू होऊन पेला तोंडाशी नेताना वाढला तर इसेन्शियल ट्रेमरचा विचार होतो. शेवटी अंगठा आणि तर्जनी १० वेळा भरभर टेकवायला सांगा. टिचकी हळूहळू लहान होत जाते का ते दिसेल. दवाखान्यातल्या पाच मिनिटांत जे निसटते ते यात पकडले जाते.

प्रश्न: माझ्या ट्रोडॅटमध्ये दोन्ही बाजूंना बरीच घट आहे, पण हात अगदी थोडा कापतो. गावातल्या दुसऱ्या एका पेशंटचा स्कॅन माझ्यापेक्षा बरा, तरी त्याला चहाची बशी धरवत नाही. रिपोर्ट चुकला का? (परळी वैजनाथ)

उत्तर: रिपोर्ट चुकलेला असेलच असे नाही. पुटामेनमधली घट हालचालींच्या मंदपणाशी आणि ताठरपणाशी बऱ्यापैकी जुळते, कंपाच्या जोराशी जुळत नाही. कंप एका जागेवरून येत नाही, तो मेंदूच्या दोन जाळ्यांच्या साट्यालोट्यातून तयार होतो. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या डोंडर्स इन्स्टिट्यूटमध्ये रिक हेल्मिक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे नीट दिसले. रुग्ण फंक्शनल एमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारा एमआरआय) पडलेले असताना हाताच्या स्नायूंवर ईएमजीचे (स्नायूंतली विजेची हालचाल टिपणारे) इलेक्ट्रोड लावून कंप कधी सुरू झाला, कधी थांबला, किती जोराचा होता हे नोंदवले. हे लागतेच, कारण कंपवाताचा कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो आणि फंक्शनल एमआरआय रक्तातला जो ऑक्सिजनचा बदल टिपतो तो काही सेकंद उशिरा येतो. एकेक झोका त्यात दिसणे शक्य नाही.

त्यांना आढळले ते असे. कंप सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या क्षणी पॅलिडम आणि बेसल गँग्लियाचे (मेंदूच्या आतल्या, हालचाल आवरणाऱ्या केंद्रांच्या गटाचे) इतर भाग जागे होतात. कंप किती मोठा, हे मात्र लहान मेंदू, थॅलॅमस (निरोप पुढे पाठवणारे केंद्र) आणि मोटर कॉर्टेक्स (हालचालींचा हुकूम देणारा मेंदूचा पृष्ठभाग) यांच्या जाळ्यातली हालचाल ठरवते. पंख्याचे बटण एकीकडे आणि रेग्युलेटर दुसरीकडे, असे समजा. शिवाय कंपाच्या जोराशी जुळली ती पॅलिडममधली डोपामिनची घट, पुटामेनमधली नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये बहुधा पुटामेन आणि त्याच्या शेजारचे कॉडेट यांचेच आकडे आहेत, त्यामुळे त्यावरून दोघांच्या कंपाची तुलना करून उपयोग नाही.

लेव्होडोपाने चाल सुधारते आणि काहींचा कंप तसाच राहतो, यामागेही हेच असावे: रेग्युलेटरचे जाळे निव्वळ डोपामिनवर चालत नाही. मग डॉक्टर ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी गोळी जोडतात. सत्तरीच्या पुढे तिने भ्रम, लघवी अडकणे, बद्धकोष्ठता होते, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवावे.

प्रश्न: सासूबाईंचा एमआरआय दोनदा खराब झाला, 'पेशंट हलले' म्हणून. काय करावे? (जिंतूर)

उत्तर: हात कापला की त्याचा धक्का खांद्यातून मानेपर्यंत पोचतो आणि चित्रावर रेघा उमटतात. गोळी चालू असेल तर वेळ अशी घ्या की गोळीनंतर साधारण तासाने त्या मशीनमध्ये असतील, म्हणजे कंप कमीत कमी असेल. अर्थात मशीनला उशीर झाला की सगळे गणित फसते, म्हणून सकाळची पहिली वेळ मागा. आधी लघवीला नेऊन आणा. कापणारा हात पोटावर ठेवू न देता बाजूला उशी किंवा फोमवर टेकवा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम लावायला सांगा. मशीनच्या खोलीत गार असते आणि गारठ्याने कंप वाढतो, पांघरूण मागा. बोलावण्याची घंटी न कापणाऱ्या हातात द्या. काढता येणारे दात, पिना, जोडवी आणि कनवटीची चुन्याची डबी बाहेर काढा. पेसमेकर किंवा डीबीएसचे (कंप आवरायला मेंदूला विजेचे हलके झटके देणारे) बसवलेले यंत्र असेल तर आधीच सांगा. झोपेत कंप जातो हे खरे, पण या वयात भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ हजर हवा.

प्रश्न: आई ॲसिडिटीसाठी दोन वर्षे रोज कॅप्सूल घेते. आता दोन्ही हात कापतात, चाल मंदावली. हा कंपवातच का? (माजलगाव)

उत्तर: आधी कॅप्सूलच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असेल तर तेच कारण असू शकते, कारण ते डोपामिनचा मार्ग अडवते. चक्करेच्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनने, उलटीच्या मेटोक्लोप्रामाइडनेही असे होते. दुकानातून तीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे गोळ्या आणल्या जातात, तिथेच घोळ होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बंद केल्यावर सुधारणा व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. तेवढे थांबूनही कंप राहिला तर ट्रोडॅट खरोखर उपयोगी पडतो: नॉर्मल आला तर दोष औषधाचा, कमी आला तर कंपवात आधीपासून दबा धरून होता. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र स्वतःहून थांबवू नका.

प्रश्न: आजार किती वाढला हे बघायला दरवर्षी स्कॅन करावा का? (कळंब)

उत्तर: नाही. गोळीचा डोस स्कॅनच्या आकड्यावर ठरत नाही. चालणे, बटणे लावणे, रात्री कुशीवर वळणे, गोळीचा असर किती तास टिकतो, याची वहीत नोंद ठेवा आणि दर भेटीला ती दाखवा.