‘२७ टक्के होमॉलॉजी’ असं काही नसतं

प्रबंध जमा करायचे दिवस आले की सीक्वेन्सच्या (डीएनएतल्या किंवा प्रथिनातल्या अक्षरांच्या साखळीच्या) जुळवणीबद्दल तेच ते प्रश्न येऊ लागतात. म्हणून इथे एकत्रच उत्तरं देते.

नीडलमन-वुन्श आणि स्मिथ-वॉटरमन या पद्धतींत फरक काय?

पहिली (१९७०) दोन साखळ्या टोकापासून टोकापर्यंत जुळवते, दुसरी (१९८१) त्यांतला सर्वांत चांगला जुळणारा तुकडा शोधते.

संगणक असताना या पद्धतींतला गुणांचा तक्ता हाताने कशाला भरायचा?

एकदा तरी भराच. जी-ए-टी-टी-ए आणि जी-ए-टी-ए या डीएनएच्या दोन साखळ्या पहिल्या पद्धतीसाठी घ्या. अक्षर जुळलं तर अधिक १, नाही तर उणे १, गॅप, म्हणजे रिकामी जागा, सोडली तर उणे २. सुरुवातीची रिकामी ओळ आणि रिकामा स्तंभ धरून तीस चौकटी होतात. शेवटच्या चौकटीत २ येईल. आता मागे वाट काढत या : गॅप पहिल्या टीसमोर ठेवा की दुसऱ्या, गुण तेवढेच. प्रोग्राम यातली एकच जुळवणी छापतो आणि तुम्ही तीच खरी धरून चालता.

ब्लास्टमध्ये (डेटाबेसमधून जुळणाऱ्या साखळ्या शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये) माझं प्रथिन २७ टक्के जुळलं. ‘२७ टक्के होमॉलॉजी’ लिहू का? सीनियर म्हणतात, तिसाच्या खालचं सोडून द्यायचं.

दोन्ही चूक. होमॉलॉजी म्हणजे पूर्वज एक असणं. माणूस चुलतभाऊ असतो किंवा नसतो, २७ टक्के चुलतभाऊ नसतो. टक्के असतात ते आयडेंटिटीचे, म्हणजे जुळवणीत किती अक्षरं सारखी आली त्याचे. आणि सीनियरांचा तो तीसचा आकडा ऐकीव आहे. माणसाच्या हिमोग्लोबिनच्या साखळीत आणि मायोग्लोबिनमध्ये जेमतेम पाव अमिनो आम्लं सारखी आहेत, तरी दोघांची घडी (साखळी दुमडून होणारा आकार) तीच आणि पूर्वजही एकच. उलट डीएनएत अक्षरंच चार, त्यामुळे कुठल्याही दोन साखळ्या शेजारी ठेवल्या तरी साधारण चारातलं एक योगायोगाने जुळतं. म्हणून जुळणी किती लांबीची आहे ते बघा आणि ई-व्हॅल्यू बघा : एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये इतके किंवा जास्त गुण निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळतील, ते ती सांगते. डेटाबेस दुप्पट झाला की तीही साधारण दुप्पट होते. म्हणून डेटाबेसचं नाव आणि शोधाची तारीख लिहायलाच हवी. एका तोंडी परीक्षेत मी विचारलं, हा आकडा कोणत्या डेटाबेसवरचा? विद्यार्थ्याला सांगता येईना. तक्ता सीनियरच्या प्रबंधातून उतरवला होता. वाईट वाटलं, कारण मुलगा मेहनती होता. निष्कर्ष लिहिण्याआधी मार्गदर्शकांना आणि प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या कुणाला तरी दाखवा. छपाईच्या आदल्या दिवशी नव्हे, आत्ता.

‘सात दिवसांत बायोइन्फॉर्मॅटिक्स, नोकरीची हमी’ हा कोर्स करू का?

नको. एनसीबीआय या अमेरिकी सरकारी जैवमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावर ब्लास्ट फुकट आहे, तिथलं बटण दाबायला शिकण्याचे पैसे कशाला मोजायचे? तरी मन होत असेल तर अभ्यासक्रम आधी विभागातल्या शिक्षकांना दाखवा. त्यात संख्याशास्त्र नसेल तर विषय संपला.

वडिलांच्या जनुक चाचणीच्या अहवालातला सीक्वेन्स ब्लास्टमध्ये टाकला. ९९ टक्के जुळला. म्हणजे काळजी नाही ना?

असं अजिबात म्हणता येत नाही. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. ते जनुकही ९९ टक्क्यांहून जास्तच जुळेल. ब्लास्ट हे निदान नव्हे. अहवाल येऊन तीन महिने झाले असं तुम्हीच लिहिलं आहे. याच आठवड्यात वडिलांना आणि तो मूळ अहवाल घेऊन आनुवंशिकी तज्ज्ञाकडे जा.