मावशीचा पत्ता चालेल का?

प्रश्न : काकू, आम्ही एडिसनला राहतो. नवरा एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगी एच-फोर या त्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर. मुलगी अकरावीत आहे. तिला टेक्सासात शिकायचंय, पण बाहेरच्या राज्यातल्या मुलांची फी ऐकून पोटात गोळा आला. माझी सख्खी बहीण टेक्सासातच, प्लेनोला स्वतःच्या घरात राहते. मुलीला बारावीला तिच्याकडे ठेवलं, लायसन्स आणि बँकेचं खातं मावशीच्या पत्त्यावर काढलं, तर इन-स्टेट, म्हणजे तिथल्या रहिवाशांची कमी फी बसेल ना?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : नाही बसणार, ताई.

टेक्सासमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी १९ वर्षं हेच अर्ज तपासले. मावशी, आत्या, मामा, एकदा तर वडिलांचे जुने रूममेट, असे सगळे पत्ते पाहून झालेत. अर्जात एक साधासा प्रश्न असतो: आईवडील टॅक्स भरताना तुम्हाला डिपेंडंट, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून, दाखवतात का? 'हो' म्हटलं की मुलीचा पत्ता बाजूला राहतो आणि तुमचा बघतात. एक मुलगा छान फाइल लावून आला होता. टेक्सासचं लायसन्स, काकांच्या घराचं लाइट बिल, लायब्ररीचं कार्डसुद्धा. वडिलांचा डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा फॉर्म मागितला, तर पंधराव्या चौकटीत दुसऱ्याच राज्याची दोन अक्षरं. टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे ती अक्षरं डोळ्यांत भरतात. पोरगा मान वर करेना. फाइल त्याने लावलेली नव्हती, हे दिसतच होतं.

आपल्या डोक्यात डोमिसाइल म्हणजे तहसील कचेरीतला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. इथे १२ महिने पुरतात, म्हणून सोपं वाटतं. पण इथे तुमचं बस्तान खरंच हललंय का, ते पाहतात. टेक्सासात आई किंवा वडील सेन्सस डेटच्या, म्हणजे कॉलेज विद्यार्थ्यांची अधिकृत मोजणी करतं त्या तारखेच्या आधी सलग १२ महिने राहत असायला हवेत. फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सेमिस्टरमध्ये, ही तारीख म्हणजे वर्ग सुरू झाल्यावरचा बारावा दिवस. शिवाय तिथे पगाराची नोकरी, नावावर घर किंवा स्वतःचा धंदा, असं काहीतरी हवं. व्हिसाची काळजी नको. एच-वन बी, एच-फोर दोन्ही चालतात, एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा चालत नाही.

तेव्हा नवऱ्याची बदली डॅलसकडे होणार असेल, तर या ऑगस्टच्या आत सगळ्यांनी हला. नुसता लॅपटॉप उचलून जाऊ नका, कामाचं ठिकाण असं दुसऱ्या भागात गेलं की कंपनीला एच-वन बीची अमेंडमेंट, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, भरावा लागतो. आणि मुलीचा एकविसावा वाढदिवस कुठल्या सेमिस्टरमध्ये येतो ते कॅलेंडरवर बघून ठेवा. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर एच-फोर संपतो, बहुतेक मुलं मग एफ-वनवर जातात. तेव्हा फीचं काय होणार, हे प्रवेशाआधीच कॉलेजकडून लेखी घ्या. ही गोष्ट शेजारच्यांकडून ऐकून ठरवायची नाही.

हलणं शक्य नसेल तर दुसरी वाट आहे, आणि आपल्याकडच्या फार थोड्या पालकांना ती माहीत असते. टेक्सासच्या मुलांशीही स्पर्धा करून विद्यापीठाची वर्षाला किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप मिळवलेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ इन-स्टेट दर लावू शकतं. मात्र ही सवलत आदल्या वर्षीच्या विद्यार्थिसंख्येच्या ५ टक्क्यांपर्यंतच देता येते, आणि प्रत्येक विद्यापीठ ती सारख्या सढळ हाताने देत नाही. म्हणून 'कॉम्पिटिटिव्ह स्कॉलरशिप वेव्हर' हे शब्द वापरूनच विचारा. बहिणीच्या घरापासून जवळच, रिचर्डसनला यूटी डॅलस (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, डॅलस) आहे, तिथून सुरुवात करा. स्कॉलरशिपच्या तारखा प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या बऱ्याच आधी संपतात, त्या चुकवू नका.

आणि या अर्जावर पत्ता एडिसनचाच घाला. ही सवलत बाहेरच्यांसाठीच आहे.