स्क्वॉटमुळे गुडघा दुखतोय, एमआरआयमध्ये गादीत (मेनिस्कसमध्ये) 'ग्रेड २' बदल आलाय. ट्रेनर म्हणतो सहा आठवडे पायांचा व्यायाम बंद, आणि पुढे गुडघा कधीच बोटांपुढे न्यायचा नाही. हे बरोबर आहे का?

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त.

तुम्ही लिहिलंय की दुखणं वाटीच्या खालच्या टोकाला, एका बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी आहे. अंग तापलं की कमी होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पुन्हा टोचतं. सूज नाही, गुडघा अडकत नाही. हे लक्षण गादीचं नव्हे, पटेलर टेंडनचं आहे. वाटीला नडगीच्या हाडाशी बांधणारी ती जाड पट्टी. एमआरआयमधल्या 'ग्रेड २'ची धास्ती घेऊ नका. ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आतला बदल. तो पृष्ठभागापर्यंत पोचलेला नसतो, म्हणून त्याला फाटणं म्हणत नाहीत. गुडघा कधीच न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादीतले बदल बऱ्याचदा दिसतात.

आता आराम. पूर्ण आरामाने दुखणं थांबतं खरं, पण ताण पेलायची टेंडनची ताकद तेवढ्यात आणखी उतरते. मग सहा आठवड्यांनी माणूस जुन्याच प्लेटा लावतो आणि पुन्हा तिथेच येतो. टेंडनला ताण हवाच असतो, फक्त मोजून.

सुरुवात न हलता ताण देण्याने करा. लेग एक्स्टेन्शन मशीनवर गुडघा साधारण ६० अंशांत वाकलेला ठेवून ४५ सेकंद धरायचं. असं ५ वेळा, मध्ये २ मिनिटं विश्रांती. वजन एवढं की शेवटच्या दहा सेकंदांत मांडी थरथरली पाहिजे. दुखणं फार असेल तेव्हा हे रोज चालतं. मशीन नसेल तर जाड रबर बँड रॅकला बांधून गुडघ्यांच्या मागे अडकवा, पाठ सरळ ठेवून मागे बसल्यासारखं खाली या आणि तसेच थांबा.

हे सोसवायला लागलं की जड आणि सावकाश: आठवड्यातून तीनदा, लेग प्रेस, हॅक स्क्वॉट आणि स्क्वॉट, प्रत्येकी ४ सेट, ३ सेकंद खाली, ३ सेकंद वर. पहिल्या आठवड्यात एका सेटमध्ये जेमतेम १५ रेप (सलग वेळा) निघतील असं वजन, मग वाढवत वाढवत १२ आठवड्यांत जेमतेम ६ निघतील इथपर्यंत. हे बिघडतं कुठे, तर 'सावकाश' ऐकून लोक हलकं वजन घेतात; त्याने टेंडन बदलत नाही. तीन सेकंद मनातल्या मनात मोजले तर दीडच होतात, म्हणून मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं ॲप) लावा. आणि दोन्ही पायांनी लेग प्रेस मारताना चांगला पाय नकळत सगळं ओढून नेतो, म्हणून निम्मे सेट तरी एकेका पायाने करा.

व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रोज एका पायावर थोडं खाली वाकून किती दुखतं ते लिहून ठेवा. आदल्या दिवसापेक्षा वाढलं असेल तर पुढच्या वेळी वजन कमी करा, व्यायाम सोडू नका. उड्या आणि बॉक्स जंप सगळ्यात शेवटी.

आता 'गुडघा बोटांपुढे नको'. हे वाक्य जिमच्या भिंतीवर रंगवलेलं पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यापायी धडधाकट माणसं आपल्याच गुडघ्याला घाबरायला लागतात. खोल स्क्वॉटची भीती बरीचशी १९६१ च्या सुमारास टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांच्या इशाऱ्यातून पसरली. खोल बसल्याने लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारे बंध) सैल होतात, असं त्यांचं म्हणणं. नंतरच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. २००३ च्या एका अमेरिकी प्रयोगात स्क्वॉट करणाऱ्यांच्या गुडघ्यांपुढे फळी उभी केली, म्हणजे गुडघे पुढे जाणारच नाहीत. गुडघ्यावरचा टॉर्क (सांधा वळवू पाहणारा जोर) सुमारे १५० वरून ११७ न्यूटन-मीटरवर आला, पण खुब्यावरचा २८ वरून ३०० च्या वर गेला, आणि धड जास्त पुढे वाकलं. भार नाहीसा झाला नाही, खुब्याकडे आणि कमरेकडे सरकला. आपल्या तालमींत पैलवान टाचा उचलून बैठका मारतात, त्यात गुडघा बोटांच्या कितीतरी पुढे जातो. जिना उतरतानाही जातोच. मग त्याच हालचालीत त्याला बळकट करायचं नाही, हा कुठला न्याय?

हां, टेंडन चिडलेलं असताना पहिले काही आठवडे नडगी उभी ठेवून बॉक्सवर बसत स्क्वॉट करणं शहाणपणाचं आहे. पण ती तात्पुरती सोय, आयुष्यभराचा नियम नव्हे.

नी कॅप हवी तर घाला, ऊब मिळते, त्याहून जास्त काही नाही. व्यायामाआधी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मात्र नको; दुखणं दबलं की वजन ठरवायचं मापच हातचं जातं. टेंडनमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. काही आठवडे बरं वाटतं, पण टेंडन कमजोर होऊन तुटायचा धोका असतो.

हे सगळं तुमच्या वर्णनावरून. गुडघा पिळवटताना 'फट्' आवाज येऊन दोनेक तासांत सूज आली, गुडघा अडकला, किंवा पाय सरळ ठेवून उचलताच आला नाही, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. दुखणं वाटीच्या मागे असेल आणि बराच वेळ बसल्यावर वाढत असेल तर पथ्य वेगळं: सुरुवातीला स्क्वॉट ४५ अंशांपर्यंतच, आणि लेग एक्स्टेन्शन ९० पासून ४५ पर्यंतच. अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ही औषधं टेंडनला इजा करू शकतात.